जेरी मॉकने मांडलेला हिशेब

आज विमानप्रवासाची गोष्ट सांगणार आहे, पण बरीचशी गोष्ट विमान जमिनीवर असतानाचीच आहे. विमान उडालं की सगळ्यांना दिसतं. त्याआधी कोणीतरी नकाशे पसरून, पेन्सिल घेऊन, वाऱ्याचा आणि पेट्रोलचा हिशेब मांडत बसलेलं असतं, ते कोणाला दिसत नाही. आणि निघायचं की थांबायचं हे शेवटी कोण ठरवतं, हे तर क्वचितच विचारलं जातं.

१९६४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली एक बाई एकटीने विमान चालवत पृथ्वीला फेरी मारून आली. तिचं नाव जेराल्डिन मॉक, सगळे तिला जेरी म्हणत. वय ३८, उंची जेमतेम पाच फूट, घरी नवरा आणि तीन मुलं. त्यांतली धाकटी व्हॅलरी अवघी तीन वर्षांची. एकटीने जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी ती जगातली पहिली स्त्री. अमेलिया इअरहार्टचं नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेलं असतं. ती १९३७ मध्ये पॅसिफिक महासागरावर बेपत्ता झाली, आणि तिच्याबरोबर दिशा पाहणारा एक जोडीदार होता. जेरी एकटी गेली आणि परत आली, म्हणून की काय, तिचं नाव मागे राहिलं. बेपत्ता झालेल्यांच्या गोष्टी जास्त सांगितल्या जातात.

जेरी काही पगारी वैमानिक नव्हती. तिच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना होता. हा परवाना असला की विमान चालवता येतं, सोबत माणसंही नेता येतात, पण त्या कामाचे पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडेही असा परवाना मिळतो. वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात, किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यात एक परीक्षा असते ती एकटीने लांब जाऊन येण्याची. किमान १५० सागरी मैल, म्हणजे साधारण पावणेतीनशे किलोमीटर जायचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं. याला क्रॉस-कंट्री म्हणतात. आपल्या ओळखीच्या धावपट्टीभोवती घिरट्या घालणं वेगळं आणि ती धावपट्टी नजरेआड करून दुसरं गाव शोधणं वेगळं. सायकल अंगणात शिकलेली मुलगी पहिल्यांदा एकटी तालुक्याला निघते, तसं काहीसं. जेरीने हीच क्रॉस-कंट्री केली, फक्त ती जवळपास ३६,८०० किलोमीटरची होती.

हे सुरू कसं झालं, ते ऐकण्यासारखं आहे. सात वर्षांची असताना ती पहिल्यांदा विमानात बसली आणि तेव्हाच तिने वैमानिक व्हायचं ठरवलं. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात विमानविद्येच्या अभियांत्रिकीला गेली. वर्गात ती एकटीच मुलगी. १९४५ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून लग्न केलं. मग मुलं, घर. तिशी ओलांडल्यावर विमान शिकली आणि १९५८ मध्ये परवाना मिळाला. नवरा रसेल जाहिरात व्यवसायात होता, तोही विमान चालवायचा. १९६२ च्या अखेरीस एकदा ती घरात कंटाळा आल्याचं बोलली, तेव्हा तो चेष्टेत म्हणाला की मग विमान घेऊन जगाला चक्कर मारून ये. त्याने गंमत केली. तिने चौकशी सुरू केली. आजवर कुठली बाई एकटी गेली आहे का, हे विचारलं, तर कळलं की कोणीच नाही. १९४८-४९ मध्ये रिचर्डा मॉरो-टेट नावाची एक ब्रिटिश वैमानिक फेरी पूर्ण करून आली होती, पण तिच्याबरोबर दिशादर्शक होता आणि तिला वर्षभर लागलं होतं.

त्यानंतर सव्वा वर्ष जेरी तयारी करत होती. हा काळ वर्तमानपत्रांनी एका ओळीत उरकला. मला मात्र सगळ्यात जास्त रस त्याच काळात वाटतो.

पहिला प्रश्न वाटेचा. नकाशावर सरळ रेघ मारून जग पार करता येत नाही. तिचं विमान होतं सेस्ना १८०, १९५३ साली बनलेलं, एका इंजिनाचं, चार जणांच्या बैठकीचं. ते मुळात अटलांटिक ओलांडायला बनवलेलंच नव्हतं. म्हणून वैमानिकाची खुर्ची सोडून बाकीच्या खुर्च्या काढल्या आणि तिथे पेट्रोलच्या जादा टाक्या बसवल्या. म्हणजे तासन् तास ती पेट्रोलच्या टाक्यांना टेकूनच बसणार होती. तरीही एका दमात किती जाता येईल याला मर्यादा होतीच. मग वाट ठरली ती बेटांच्या आणि मोठ्या विमानतळांच्या आधाराने: बर्म्युडा, अझोर्समधलं सांता मारिया, कॅसाब्लांका, अल्जीरिया, ट्रिपोली, कैरो, सौदी अरेबियातलं धाहरान, कराची, दिल्ली, कलकत्ता, बँकॉक, मनिला, ग्वाम, वेक बेट, होनोलुलू आणि मग अमेरिकेचा किनारा. विक्रमासाठी एक अटही होती. फेरी किमान कर्कवृत्ताच्या लांबीइतकी भरली पाहिजे. नाहीतर कोणीही उत्तर ध्रुवाभोवती छोटंसं वर्तुळ काढून जग फिरलो म्हणेल!

आता एवढ्या देशांत उतरायचं म्हणजे एवढ्या सरकारांची परवानगी हवी. वकिलातींना पत्रं, उतरण्याची परवानगी, नुसतं वरून जाण्याची वेगळी परवानगी, व्हिसा, लसी, प्रत्येक ठिकाणी योग्य प्रकारचं पेट्रोल मिळेल का याची चौकशी. अमेरिकी हवाई दलातल्या एका अनुभवी अधिकाऱ्याने तिला नकाशे आणि वाटा लावायला मदत केली. खर्चाला तिच्या शहरातल्या वर्तमानपत्राने हातभार लावला, बदल्यात तिने वाटेतून बातम्या पाठवायच्या. विमानात म्हणून टंकलेखन यंत्रही गेलं. मुलांना सांभाळायला सासूबाई आल्या. ढगात, काहीही दिसत नसताना, केवळ यंत्रांकडे बघून उडण्याचा वेगळा परवाना तिने याच काळात मिळवला. तो नसता तर वाटेतल्या अर्ध्या हवामानात तिला उडताच आलं नसतं.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण खरं गणित तिथेच आहे. हे गणित शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलीला जमेल असंच असतं. समजा विमानाचा वेग ताशी २४० किलोमीटर आणि जायचंय ३८४० किलोमीटर. वारा नसेल तर १६ तास. आता समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला तर जमिनीवरून मोजलेला वेग उरला २००, आणि लागले १९ तासांहून जास्त. विमान तेच, अंतर तेच, पण तीन तासांचं पेट्रोल जास्त हवं. हॉनोलुलू ते कॅलिफोर्नियाचं ऑकलंड हा टप्पा साधारण एवढाच, सुमारे ३९०० किलोमीटरचा, आणि मधे उतरायला एक खडकसुद्धा नाही. म्हणून वैमानिक आधीच एक जागा काढून ठेवते. तिथपर्यंत मागे फिरता येतं, त्यापुढे पेट्रोल परतीला पुरत नाही, पुढेच जावं लागतं. ही जागा समुद्रावर कुठे खुणेने दाखवलेली नसते. ती कागदावर असते आणि वारा बदलला की तीही सरकते.

बाजूने येणारा वारा आणखी निराळा. पूर आलेल्या नदीत नावाडी समोरच्या घाटाकडे नाव रोखत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोखतो, तेव्हा कुठे ती घाटाला लागते. विमानाचंही तसंच. शिवाय होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर एक नसते, तो फरक जागोजागी बदलतो, तोही धरावा लागतो. एक अंश चुकला तर काय होतं? ग्वामहून वेक बेट सुमारे २४०० किलोमीटर. एवढ्या वाटेवर एक अंशाची चूक म्हणजे बेटापासून चाळीसेक किलोमीटर बाजूला. वेक बेट केवढं? साधारण सात चौरस किलोमीटर आणि समुद्रातून काही मीटरच वर आलेलं. चाळीस किलोमीटरवरून ढगाच्या सावलीत आणि त्याच्यात फरक कळणं कठीण. रेडिओची दिशा दाखवणारी यंत्रं मदतीला असतात, पण ती बिघडली तर हातातला कागदच उरतो. इअरहार्ट अशाच एका चिमुकल्या बेटाच्या, हाउलंडच्या शोधात होती. तिच्यात आणि खालच्या जहाजात रेडिओवरून नीट बोलणंच होऊ शकलं नाही.

कागद-पेन्सिलीचा हा मार्ग आता कालबाह्य झाला असेल, असं वाटेल. आपल्या मुंबईची आरोही पंडित हिने त्याचं उत्तर दिलंय. २०१९ मध्ये ती हलक्या क्रीडा-विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री ठरली. मग १५ ऑक्टोबर २०२१ ला तिने भूजहून जुहूपर्यंत एक उड्डाण केलं, तेही जीपीएस न वापरता. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते. कराची आता परक्या देशात, म्हणून भूज. आणि भूजच्या धावपट्टीचाही एक मान आहे. १९७१ च्या युद्धात बाँबफेकीने ती उखडली, तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी तीन दिवसांत ती पुन्हा उभी केली. त्या गोष्टीवर एक वेगळा कार्यक्रम करावा लागेल.

पुन्हा जेरीकडे. सगळं ठरत आलं असताना बातमी आली की कॅलिफोर्नियाची जोन मेरियम स्मिथ ही २७ वर्षांची वैमानिकही जगप्रदक्षिणेला निघते आहे. दोघींना एकमेकींची आधी खबर नव्हती. जोनला इअरहार्टची विषुववृत्ताजवळची वाट जशीच्या तशी पूर्ण करायची होती. तिची वाट जेरीच्या वाटेपेक्षा कितीतरी लांब, २७,००० मैलांहून जास्त, पण तिच्या विमानाला दोन इंजिनं होती. अधिकृत विक्रमाच्या प्रयत्नाची मंजुरी एका वेळी एकीलाच मिळायची आणि जेरीचा अर्ज आधी गेला होता. पण वर्तमानपत्रांना नियमांशी काय देणंघेणं? त्यांनी शर्यत लावून दिली. दोन बायका एकाच कामाला लागल्या की त्यांच्यात चढाओढ दाखवायची, ही रीत काही आपल्याकडचीच नाही. जोन १७ मार्च १९६४ ला निघाली. जेरीनेही आपली तारीख अलीकडे ओढली आणि १९ मार्चला कोलंबसहून उड्डाण केलं.

घाईची किंमत पहिल्याच दिवशी कळली. समुद्रावरून दूरवर बोलण्यासाठी जो रेडिओ खास बसवला होता, तो बोलेचना. बर्म्युडाला उतरल्यावर दिसलं की त्याची तार जोडलेलीच नव्हती. अटलांटिकवर मधोमध हे कळण्यापेक्षा बर्म्युडाला कळलं ते बरं, एवढंच.

आणि मग ती थांबली. जवळपास आठवडाभर. अटलांटिकवर हवा वाईट होती. एक इंजिन, खाली थंड समुद्र, आणि ढगांत पंखांवर बर्फ धरण्याची भीती. बर्फाच्या वजनापेक्षाही पंखाचा आकार बिघडतो हे वाईट असतं, मग विमान वर राहीनासं होतं. इकडे रसेल फोनवर सांगत होता की जोन पुढे चालली आहे, लवकर नीघ. त्यालाही दोष कसा द्यावा, पैसे देणारे वर्तमानपत्र त्याच्याच दाराशी होतं. पण विमानात बसणार होती ती. हवामानाचा कागद वाचता येत होता तिला. ती हवा निवळेपर्यंत निघाली नाही.

माझ्या मते तिच्या सगळ्या प्रवासात हा आठवडा मोठा. ढगात धैर्य लागतं हे सगळे मान्य करतात. नवरा, वर्तमानपत्र आणि सगळं शहर वाट बघत असताना धावपट्टीच्या कडेला खुर्चीत बसून राहायला जे लागतं त्याला आपल्याकडे चांगला शब्दच नाही. बायकांनी तसं केलं तर ‘घाबरली’ म्हणतात. विमानविद्येत मात्र नियमच आहे: शेवटचा शब्द विमान चालवणाऱ्याचा. मालक कोणी असो, पैसे कोणीही दिलेले असोत.

थांबूनही पुढच्या टप्प्यात पंखांवर बर्फ धरलंच. तिने उंची बदलून त्यातून वाट काढली आणि सांता मारियाला उतरली. हा टप्पा आठवडाभर आधी केला असता तर काय झालं असतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तयारी कितीही करा, नकाशात नसलेलं काहीतरी भेटतंच. लिबियाच्या वाळवंटावर विमानात जळकट वास येऊ लागला. रेडिओची लांब तार बाहेर सोडणारी छोटी मोटर चालूच राहिली होती आणि तापून लाल झाली होती, पेट्रोलच्या टाक्यांच्या जवळच. तिने बटण बंद केलं आणि ती निवायची वाट बघत बसली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. कैरोजवळ अंधार पडता पडता धावपट्टीचे दिवे दिसले, ती उतरली, तर ते निघालं इंशासचं लष्करी विमानतळ. बंदूकधारी सैनिक भोवती. तिथून सुटून खऱ्या विमानतळावर जायला काही तास गेले. धाहरानला उतरली तेव्हा बघ्यांची गर्दी झाली. त्या देशात तेव्हा बायकांना मोटार चालवायची मुभा नव्हती. एकाने आत डोकावून पाहिलं, पुरुष कुठे दडलाय का ते. कोणी नाही म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिथून कराची, दिल्ली, कलकत्ता, बँकॉक. बँकॉक ते मनिला या वाटेत व्हिएतनाम लागतो आणि तिथे तेव्हा युद्ध पेटलेलं. मग पॅसिफिकची बेटं. ते सात चौरस किलोमीटरचं वेक तिला सापडलं. हॉनोलुलूहून शेवटची लांब समुद्री झेप घेऊन ती ऑकलंडला पोचली आणि १७ एप्रिल १९६४ ला कोलंबसला उतरली. २९ दिवस, ११ तास, ५९ मिनिटं. जोन १२ मेला पोचली. विषुववृत्ताच्या वाटेने एकटीने जाणारी ती पहिली, पण नाव मात्र फारसं कोणी घेतलं नाही. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या फेब्रुवारीत, कॅलिफोर्नियाच्या डोंगरात विमान कोसळून ती गेली. शर्यत लावणाऱ्यांनी तिच्यासाठी किती ओळी खर्च केल्या असतील, देव जाणे.

४ मे १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जेरीचा सन्मान केला. वर्तमानपत्रांनी तिला ‘उडती गृहिणी’ म्हटलं. मला हे नाव खटकतं. ती घर सांभाळत होती हे खरंच आहे, त्यात लपवायचं काही नाही. पण एखाद्या पुरुष वैमानिकाला कोणी ‘उडता बाप’ म्हटल्याचं ऐकलंय? ‘मुलांना कोणावर सोडून आलात’ हा प्रश्न तरी कोणी विचारला असेल का? त्या नावात गंमत आहे, हिशेब नाही. साडेसातशे तासांचा अनुभव, सव्वा वर्षाची पत्रापत्री, ढगात उडण्याचा परवाना, बर्म्युडातला आठवडा, यातलं काही त्या दोन शब्दांत मावत नाही.

१९७० मध्ये तिने या प्रवासावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘थ्री-एट चार्ली’. विमानाच्या नोंदणी क्रमांकाची ती शेवटची अक्षरं, रेडिओवर ती स्वतःला याच नावाने ओळख द्यायची. जुनं सेस्ना तिने त्या फेरीनंतर पुन्हा चालवलं नाही. कंपनीने ते घेतलं आणि बदल्यात नवं विमान दिलं. ते नवं विमान तिने १९६९ मध्ये स्वतः चालवत न्यू गिनीला नेलं आणि तिथल्या मिशनऱ्यांच्या कामाला देऊन टाकलं. विमान चालवणं तिथेच थांबलं. २०१४ मध्ये ८८ व्या वर्षी ती वारली. जुनं सेस्ना आता वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयात छताला टांगलेलं आहे.